शमूची कबर

पुणतांब्याच्या अलीकडे, गोदावरीच्या, तिथल्या लोकांच्या तोंडी गंगेच्या, काठाला धरून जी ख्रिस्ती वस्ती आहे, तिथल्या देवळात महिन्यातले दोन रविवार सत्यशीलाबाई पुढे उभ्या राहायच्या. पाळकसाहेबांना चार गावं सांभाळायची असत, ते एकाआड एक रविवारी यायचे. उरलेल्या रविवारी प्रार्थना, गायन आणि विश्वासांगीकार बाईंच्या आवाजात व्हायचा. विश्वासांगीकार म्हणजे आपण काय मानतो ते सगळ्यांनी उभं राहून मोठ्यानं म्हणायचं. ज्या बायकांना अक्षर येत नव्हतं, त्यांना तो बाईंनीच एकेक वाक्य घोटून पाठ करून दिला होता, अर्थासकट.

लंकाबाई एकदा अडली होती. "मरलेली मानसं देहासकट उठनार म्हन्ता. आमच्या सासूचा पाय साखरेच्या बिमारीत कापला. तो दवाखान्यातच ऱ्हायला. मग ती काय लंगडीच उठंल?"

बायका हसल्या. सत्यशीलाबाई हसल्या नाहीत. "ज्यानं मातीतून मानूस केला," त्या म्हणाल्या, "त्याला मातीतून मानूस येचता येत न्हाई व्हय?"

हे उत्तर त्यांनी पुस्तकातून घेतलेलं नव्हतं. एकतीस वर्षांपूर्वी त्यांचा अकरा महिन्यांचा शमुवेल तापानं फणफणून दोन दिवसांत गेला, तेव्हापासून त्या याच एका गोष्टीवर उभ्या होत्या. लेकरू कबरस्तानाच्या रस्त्याकडच्या ओळीत पुरलेलं होतं. दर ईस्टरला पहाटेची उपासना आटोपली की त्या तिथं झेंडूची फुलं ठेवायच्या. नवरा कल्याण मागे चार पावलांवर उभा राहायचा, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. वस्तीतल्या कबरी तोच खोदायचा, त्यामुळे कबरस्तानात त्याचं गप्प असणं कुणाला वेगळं वाटलं नाही.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. मोजणी झाली, खुणांचे दगड रोवले आणि रस्त्याकडच्या ओळीतल्या एकोणीस कबरी हलवायच्या ठरल्या. प्रत्येक घरानं आपापल्या माणसाची हाडं काढून पेटीत घालायची, पलीकडच्या नव्या जागेत पाळकसाहेब प्रार्थना करून पुन्हा माती देणार, असं मंडळीच्या पंचांनी सांगितलं.

हाडं काढायच्या दिवशी सकाळी सत्यशीलाबाई अंगणात बसून पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा दुमडत होत्या. शमूची पेटी वीतभर लांबीचीच करून घेतली होती. कल्याण समोर येऊन उकिडवा बसला. हातात पहार होती, ती त्यानं आडवी ठेवली.

"शीला, तिथं काय न्हाई."

"काय न्हाई म्हंजी?"

"शमू तिथं न्हाई."

कल्याण खाली मातीकडे बघून बोलायला लागला. लेकराची कबर दुसऱ्या कुणाला खोदू द्यायला त्याचं मन धजलं नव्हतं. म्हणून तो पिऊन गेला, प्यायल्याशिवाय कुदळ उचलवली नसती. दोन फुटांवर मुरूम लागला. चार घाव घातले, पाचवा घालवेना. दोन फूट पुरे, एवढंसं तर लेकरू, असं त्यानं मनाला सांगितलं. पाळकांना वरून बघून काय कळणार. दुसऱ्या दिवशी फटफटताना तो गेला, तर कुत्र्यांनी माती उकरलेली.

"जेवढं हुतं तेवढं गोळा केलं. गंगेच्या वाळूत खाली नेऊन पुरलं. खोल पुरलं, शीला, कमरंयेवढं. मग इथली माती सारकी केली न् वर दगडं रचली."

सत्यशीलाबाईंच्या हातातलं कापड दुमडलेलंच राहिलं. त्या म्हणाल्या, "एकतीस वर्सं मी त्या दगडांना फुलं घातली."

"व्हय."

"न् तुमी मागं उभं राहून बघितलं."

कल्याणनं आडवी ठेवलेली पहार जवळ ओढली.

"उठा," त्या म्हणाल्या. "पेटी घ्या. मान्सं वाट बघत्यात."

कबरस्तानात सगळी वस्ती जमली होती. लंकाबाईच्या सासूची हाडं निघाली, एका पायाची. लंकाबाईनं ती पदरानं पुसली आणि हंबरडा फोडला. शमूच्या जागी कल्याणनं कुदळ मारली. दोन फुटांवर मुरूम लागला. सगळे वाकून बघत होते. काहीच निघालं नाही.

पाळकसाहेबांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "लहान लेकरांची हाडं कोवळी असतात, बाई. माती ती घेऊन टाकते. मूठभर माती घाला पेटीत, तोच तुमचा शमू."

सगळ्यांच्या देखत सत्यशीलाबाई खाली बसल्या आणि मूठभर मुरूम उचलून पेटीत घातला. खोटं आहे हे त्यांना माहीत होतं.

दोन दिवसांनी त्यांनी नवऱ्याला नदीवर नेलं. "जागा दावा."

कल्याण काठावर उभा राहून इकडेतिकडे बघायला लागला. जागा होतीच कुठे? इतक्या वर्षांत वाळूवाल्यांनी पात्र पार खडकापर्यंत खरवडून नेलं होतं. खड्ड्यांत हिरवं पाणी साचलं होतं, त्यात म्हशी बसलेल्या. "इथं एक बाभळ हुती," तो म्हणाला. मग वीस पावलं पुढे गेला. "का इथं हुती..."

ती वाळू डंपरमधून कुठं कुठं गेली असेल, याचा हिशेब बाईंच्या मनात आपसूक सुरू झाला. राहात्याला, कोपरगावला, नगरला. लेक अश्विनीचं केडगावातलं घर याच वाळूचं होतं, जावयानं मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. कुणाच्या भिंतीत, कुणाच्या जिन्यात. तरीही देव आपल्या लेकराला वेचून काढील, याबद्दल त्यांना शंका आली नाही. स्वतःचंच त्यांना नवल वाटलं. मेलेले देहासकट उठण्याचं जे वाक्य अवघड म्हणून जन्मभर बायकांना समजावलं ते जागच्या जागी होतं. हललं होतं ते विश्वासांगीकारातलं त्याच्या आधीचं वाक्य. पापांची क्षमा. ते तर त्या न थांबता म्हणून टाकायच्या.

"मला माफ कर," कल्याण म्हणाला.

"देवाकडं मागा. त्याच्याकडं लई हाय. माझ्याकडं न्हाई."

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाचा रविवार आला. सगळे ओळीनं पुढे गेले, भाकर आणि द्राक्षरस घेऊन परतले. सत्यशीलाबाई बाकावरून उठल्या नाहीत. मनात वैर ठेवून त्या मेजाशी जायचं नसतं, हे त्यांनीच शंभरदा शिकवलेलं. पुरुषांच्या बाजूला कल्याणही बसून राहिला. तिसऱ्या महिन्यापर्यंत वस्तीत कुजबुज सुरू झाली. कल्याणचं कुणाला काही वाटलं नाही, तो पिणारा. पण बाई? बाईंनी काय केलं असेल? लंकाबाईच्या दारात चार बायका बसायला लागल्या की तोच विषय. पंचांनी निरोप धाडला, सध्या तुम्ही पुढे उभं राहू नका. सत्यशीलाबाईंनी पुस्तक आणि देवळाची किल्ली मुकाट्यानं परत केली. खरं सांगितलं असतं तर एका दिवसात सुटल्या असत्या. त्यांनी सांगितलं नाही. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

चौथ्या प्रभुभोजनाला पाळकसाहेबांनी भाकर हातात घेतली आणि पुरुषांच्या बाजूला कल्याण उभा राहिला.

"साहेब, थांबा जरा. मला बोलायचंय."

चौसष्ट वर्षांचा माणूस, टोपी हातात घेऊन. त्यानं सगळं सांगितलं. दारू, मुरूम, कुत्री, नदी. काही गाळलं नाही. "तिनं काय बी केलेलं न्हाई. तिला माझ्यामुळं या मेजाशी येता येत न्हाई. तिच्याबद्दल बोलू नका," एवढं म्हणून तो खाली बसला.

देवळात एक बाई रडायला लागली. मागून कुणी तरी म्हणालं, "आमच्या कबरी याच्याच हातनं खोदल्यात की रं!" माणसं एकमेकांकडे बघू लागली. कुणाचा बाप, कुणाची आई, किती खोल? पाळकसाहेबांनी भाकर परत ताटात ठेवली. त्या दिवशी प्रभुभोजन झालं नाही. संध्याकाळच्या आत पंचांनी कल्याणकडून कुदळ आणि पहार काढून घेतली. पुन्हा त्याला कुणी कबरीला बोलावलं नाही, आणि सलाम घालणारेही कमी झाले.

त्याच दिवशी दुपारी, देवळातून दोघं घरी आली. सत्यशीलाबाईंनी चूल पेटवली, दोन भाकरी थापल्या, ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि समोर बसल्या. चार महिन्यांत त्या अशा समोर बसल्या नव्हत्या.

"त्या सकाळी," त्या म्हणाल्या, "त्याच्या अंगावर हिरवं झबलं हुतं का?"

कल्याणचा घास हातातच राहिला. "हुतं. फाटलं हुतं."

"मग?"

"त्यातच गुंडाळला. वर माझा सदरा."

"प्रार्थना केली?"

"मला कुठं येत हुती. तू म्हनायचीस तसं आठवंल तेवढं म्हनलो."

सत्यशीलाबाईंनी चुलीकडे, मग दाराकडे, मग त्याच्याकडे बघितलं.

"एकलेच हुता?"

"व्हय."

त्यांनी पदर तोंडाला लावला. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. पुढेही कधी म्हणाल्या नाहीत. पण त्या दुपारी त्या त्याच्यासमोर बसून रडल्या, आणि तो जेवेपर्यंत उठल्या नाहीत.