मोजणीत एक कमी

पुढे गाइडमामा आणि सगळ्यांच्या मागे बॅटरी घेतलेल्या मामी, अशी ही जोडगोळी तीस वर्षं लोकांना गुहा दाखवत होती. छताला लोंबणारे चुनखडीचे सुळके बघून पाहुणे आ वासायचे. सर्वांत खोल दालनात मामा मिनिटभर दिवे घालवायचे. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार! भले भले बोलघेवडे चिडीचूप व्हायचे. मग मागून मामींची बॅटरी लागली की सगळे हुश्श करायचे.

मामी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. महिन्याभरात येते म्हणाल्या होत्या, त्याला आठ महिने झाले. नातू लाघवी, लेकीला नोकरी. मामा फोनवर "इकडे मजेत आहे" एवढंच सांगायचे. 'ये' म्हणायला जीभ रेटत नव्हती. माणूस गुहेत शूर, घरात भित्रा.

त्या दिवशी शेवटची तुकडी बाहेर आली. मामांनी दाराशी डोकी मोजली. बावीस! आत तर तेवीस नेली होती. मोजणी जुळल्याशिवाय दाराला कुलूप लावायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हातारा पुन्हा दोनशे पायऱ्या उतरला, कोनाडान् कोनाडा पाहून आला, हाका मारून घसा बसला.

धापा टाकत वर आले, तर तिकीटवाली समोर उभी.

"मामा, तिकिटं बावीसच फाडलीत मी. तेविसावं कोण?"

मामा मटकन पायरीवर बसले. आत जाताना सगळी डोकी मोजून झाल्यावर मामींचं एक मिळवायचं, ही तीस वर्षांची सवय. आठ महिने जपून आवरलेली, आज निसटली होती. त्यांना मामींची फार आठवण आली. त्यांनी फोन लावला.

"अगं, मोजणीत एक माणूस कमी भरतंय."

"अगं बाई! कोण राहिलं आत?"

"आत कुणी नाही. तूच कमी आहेस." मामांनी गुहेच्या दाराकडे पाहिलं. "दिवे घालवले की मला भीती वाटते गं. मागे कुणीच नसतं."

पलीकडे नातू रडत होता. मामींनी त्याला थोपटून शांत केलं.

"अहो, कुलूप लावलंत का?"

"मोजणी कुठे जुळलीय?"

"मग लावू नका. रविवारच्या गाडीने येते."

मामांनी दार नुसतं ओढून घेतलं. कुलूप खिशातच राहिलं.