परक्या मेंढीची लोकर

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण मी रोगाच्या जंतूशी समोरासमोर बोललोय.

पारगावला ऊस तुटलेल्या रानात आमच्या मेंढ्या बसल्या होत्या. पोटरीला पट्टी बांधून मी दवाखान्यातून नुकताच परतलो होतो. बायको तुकाबाई भाकरी थापत होती. सून आशाच्या मांडीवर माझी नात श्रेया. मी लांब दगडावर टेकलो.

"मामंजी, एवढं लांब का?"

"गोष्ट मोठी हाय, तिला जागा लागती," मी म्हणालो आणि सुरू झालो.

"ऑपरेशन झालं आन् वॉर्डातलाच जंतू जखमेत शिरला. कितीबी इंजेक्शनं द्या, मरंना! मी तपासणीच्या खोलीत घुसून दुर्बिणीला डोळा लावला. बघतो तर गडी पंप लावून बसलेला. औषध आत आलं की उपसून भाईर! दुसऱ्याकडं कातर, औषधाचं तुकडं करायची."

"पंपाला लाईट कुठली वो?" आशा हसली.

"रातची थ्री फेज! मी इचारलं, कुठं शिकलास रं हे? तर म्हनला, शिकायचं काय त्यात? अंगात एक वाटोळं कडं असतं, सगळी अक्कल त्यात. शेजाऱ्याला नळी लावायची, की तसंच कडं त्याच्याबी अंगात."

"म्हंजी?"

"आपल्या मेंढरांत लोकर आईकडनं कोकराला येती. जंतूंच्यात वाटंनं जाणारी बोडकी मेंढी नुसती घासून गेली, तरी तिला लोकर फुटती. मग तिच्या कोकरांना. जातबी एक लागत न्हाई."

आता कुणी हसत नव्हतं.

"आन् असला जंतू हातावर बसून घरी येतो. दिसत न्हाई. गप बसून कुणाला जखम व्हायची वाट बघतो."

"मग तुमचा कसा मेला?"

"मी घोंगडं झटकून दम दिला, तसं त्याचं कडंच गळालं! जखम भरली. डॉक्टर म्हनलं, सोनबा, जावा घरी."

श्रेयानं माझ्याकडं हात पसरले. आशा तिला घेऊन उठली. मी दोन्ही हात घोंगड्यात ओढले.

"निजू दे तिला."

"जागी हाय की!"

तव्यावरची भाकरी करपायला लागली. तुकाबाईची नजर माझ्या पट्टीवरच्या ओल्या पिवळ्या डागावर होती.

"आशा, हाईस तिथंच थांब," ती ओरडली. "खोटं बोलत्यात! डॉक्टरनं सोडलं न्हाई, पळून आल्यात. जखम भरली असती, तर आदी नात उचलली असती ह्यांनी!"