भिंतभर पुस्तकं

"हे लिहिण्याचं वेड तुम्हाला लागलं कुठून?" प्राध्यापकांनी विचारलं, आणि व्यासपीठावरच्या कादंबरीकार बाईंची नजर नको तिकडे गेली. तिसऱ्या रांगेत त्यांची आत्या बसली होती, कडक इस्त्रीच्या कपड्यांत, मान ताठ करून. आता आपलं नाव निघणार याची तिला खात्री होती.

निघायलाच हवं होतं. आईबापामागे बाईंना वाढवलं ते आत्याने, तिच्या इस्त्रीच्या दुकानात. टेबलावर शर्ट पसरला की आत्याची गाडी सुरू व्हायची.

"ही बाही बघ. एकाच कोपराला विरलीय. खिडकीला टेकून कुणाची तरी वाट बघतो हा मेला."

"कुणाची गं?"

"थांब, कॉलर होऊ दे."

कॉलर होईपर्यंत पोरीचा जीव टांगणीला. शर्टाची घडी पडायची तोवर त्या माणसाचं ठरलेलं लग्न मोडलेलं असायचं. तो कपडे न्यायला आला की दोघी त्याच्याकडे इतक्या कळवळून बघायच्या, की बिचारा गोंधळून जायचा.

पण समोर विद्वानांचं सभागृह गच्च भरलेलं. इस्त्रीचं दुकान बाईंच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथूनच मागे फिरलं.

"वडिलांमुळे," त्या म्हणाल्या. "घरी भिंतभर पुस्तकं होती."

टाळ्या पडल्या. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांना सहीसुद्धा येत नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर त्या गर्दीतून वाट काढत आत्याकडे निघाल्या. एक वार्ताहर मुलगी त्यांच्याआधीच तिथे पोचली होती.

"आजी, तुम्ही मॅडमनी बोलावलेल्या पाहुण्या ना? ती पुस्तकं पाहिलीत तुम्ही?"

"पाहिलीत म्हणजे? वरच्या फळीला स्टूल लागायचं," आत्या म्हणाली. "साहेब रोज ताईंना मांडीवर घेऊन वाचायचे. पान उलटायचं काम ताईंचं. एकदा पान फाटलं हातून, तर दोन दिवस जेवल्या नाहीत."

बाई जागीच थबकल्या. फाटलेलं पान काय सुरेख सुचलं हिला, हेच त्यांच्या मनात आधी आलं. आणि मग स्वतःची अशी लाज वाटली, की कानशिलं तापली.

"तुम्ही त्यांच्या कोण?" मुलीने विचारलं.

आत्याने एकदाच बाईंकडे पाहिलं. "मी त्यांच्याकडे इस्त्रीला होते."

मुलगी भारावून बाईंकडे वळली. "इतक्या वर्षांनी यांना आठवणीने बोलावलंत. केवढा मोठेपणा, मॅडम."

बोलायचं ते आत्ताच होतं. बाईंनी नुसतं हसून मान लववली. फोटोवाल्याने दोघींना जवळ उभं राहायला सांगितलं. आत्या उठली आणि बाईंपासून हातभर अंतर ठेवून, हात पुढे बांधून, अदबीने उभी राहिली.