रॅम्पवरच्या कुरडया

सरकारी कार्यालयात चाकाची खुर्ची गेलीच पाहिजे, असा राज्याचा नियम आला आणि लासलगावजवळच्या त्या छोट्या ग्रामपंचायतीपुढं सिमेंटचा रॅम्प झाला. दिवसभर त्यावर रणरणतं ऊन. चैत्र लागताच सरपंच संतोषची आई झुंबरबाई म्हणाली, "येवढं ऊन वाया घालवायचं?" आणि तिथं वाळवणं पडू लागली. तिला अडवायची कुणाची टाप? सरपंचाची तर मुळीच नव्हती.

आज अकराला हर्षालीची मुलाखत होती, ग्रामपंचायतीतल्या संगणकाच्या कामासाठी. पदवी घेऊन दोन वर्षं घरात बसून तिला भिंतींचाही कंटाळा आला होता. ही नोकरी तिला हवीच होती. खुर्चीची चाकं फिरवत ती आली, तर रॅम्पभर प्लॅस्टिकच्या कागदावर ओल्या कुरडया.

"काकू, जरा उचलता का? वर जायचंय."

"ओल्या कुरडया उचलत्यात व्हय? मोडतील ना!" काठीनं कावळे हाकत झुंबरबाई म्हणाली. "थांब, चार गडी बोलवते. तुलाच उचलतील."

हर्षालीचं डोकं तडकलं. शाळेत, बँकेत, लग्नकार्यात, सगळीकडे तिला असंच कांद्याच्या गोणीसारखं उचललं होतं, आणि शाबासकी उचलणाऱ्यांना मिळाली होती.

संतोष दारात आला आणि आईला पाहून निम्मा झाला. "हर्षाली, आम्हीच खाली येतो ना. लिंबाखाली घेऊ मुलाखत."

"अन् नोकरी? ती पण लिंबाखालीच करू का?"

सरपंचाच्या आईच्या कुरडया तुडवून सरपंचाकडे नोकरी मागायची, म्हणजे नोकरी गेल्यातच जमा. हे हर्षालीला कळत होतं. तरी तिनं ओढणी सावरली आणि चाकं पुढं रेटली. फच्च, फच्च. एक चाक दोनदा घसरलं. मागून झुंबरबाईचा उद्धार सुरू झाला, पण ती वर पोचली.

आत संतोषनं घाम पुसत छापील प्रश्न वाचला, "दिव्यांगांच्या कायद्याची अंमलबजावणी कशी कराल?"

"आत्ताच करून आले."

ग्रामसेवकानं फाइलमागं तोंड लपवलं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "संत्या! हिला घेतलीस तर ही रोज यील! माझ्या पापडांचं काय?"

संतोषनं दाराकडं पाहिलं, मग हर्षालीकडं पाहिलं.

"पापड आपल्या गच्चीवर घाल, आई," तो म्हणाला. आवाज चिरकला, पण बाहेर ऐकू गेला. हर्षालीला एकदम भरून आलं.

"सोमवारी दहाला ये," संतोष तिला म्हणाला, "आणि आत्ता जरा मागच्या दारानं मला सटकू दे."