सतरा नंबरची डबी

हॉस्पिटलच्या कँटीनमधल्या बायकांच्या डब्या वर्षातून एकदा माझ्याकडे लॅबमध्ये येतात. शौच तपासायचं, जंताची अंडी शोधायची. सापडली की बाई कामावरून बंद, आणि बंद झालेलीला परत घेतल्याचं मी अकरा वर्षांत पाहिलेलं नाही. सतरा नंबरची डबी माझ्या वहिनीची होती.

सकाळी ती हातात देताना वहिनी म्हणाली, "वन्सं, काही निघालं तर निघू देऊ नका. सात वर्षं तुम्हाला ताट वाढतेय, कधी बोलून दाखवलं?"

नव्हतं दाखवलं. आज दाखवलं. नवऱ्याला सोडून भावाकडे आले तेव्हापासून मी याच वाक्याची धास्ती घेऊन जेवत होते.

आणि निघालं. पहिल्याच काचेवर तीन अंडी, दोन्ही टोकांना बूच मारलेली इवली पिंपं. हे अंडं मातीत दोन-तीन आठवडे मुरल्याशिवाय कुणाला बाधत नाही. वहिनीच्या हातून कँटीनमध्ये कुणाला काही होणार नव्हतं. पण मॅनेजरला हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

खोटं लिहायची सोय नव्हती. सूक्ष्मदर्शकाला दोन तोंडं. माझ्यासमोर बसून प्रत्येक काच डॉक्टरीणबाई स्वतः बघतात. मग त्या यायच्या आत मी नको ते केलं. लॅबवाल्यांची तपासणीही त्याच दिवशी असते, आणि अठरा नंबरची डबी माझी होती. तिच्यातलं घेऊन सतराची काच बनवली. आधी बघितलंसुद्धा नाही. हात धुण्यावरून अख्ख्या घराचं डोकं खाणारी बाई मी, मला कसला जंत!

डॉक्टरीणबाई बसल्या. काच सरकू लागली.

"हे काय?"

पिंप. शेजारी आणखी एक.

दोघींत एकच जंत, म्हणजे घरातूनच. घरी वहिनी रांधते. भाजी निवडणं, धुणं माझ्याकडे. ड्यूटीवरून आले की कंटाळा येतो. कोशिंबिरीच्या पाल्याची जुडी एकदा पाण्यात बुचकळायची आणि कच्चीच चिरायची. भावाला कच्चं आवडत नाही. उन्हाळाभर तो पाला आम्ही दोघींनीच खाल्ला.

"लिहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सतरापुढे लिहिलं. अठरापुढेही लिहिलं. लॅबवाल्यांना कुणी कामावरून काढत नाही, नुसत्या गोळ्या देतात.

संध्याकाळी वहिनीने ताट वाढलं. मी गोळ्यांची दोन पाकिटं तिच्यासमोर ठेवली. तिने ती उचलून उलटसुलट करून पाहिली. नोकरी गेली हे तिला कळलं होतं.

मग म्हणाली, "पण दोन कशाला, वन्सं?"

मी मोठा घास तोंडात कोंबला. तो संपेपर्यंत तरी बोलावं लागणार नव्हतं.