खुराडं पूर्व-पश्चिम असावं

"मी निवडलेलं पुस्तक आजवर कुणी शेवटपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवलेलं नाही," असं संदीप दर महिन्याला छाती काढून सांगायचा.

डहाणू रोडला त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर लोकांची आधार कार्डं काढायची आणि शटर ओढलं की परग्रहावर जायचं, असं त्याचं चाललेलं असतं. आमचा वाचनगट त्यानंच काढला. वाचायच्या फक्त विज्ञानकथा आणि अद्भुतकथा, त्याही लघुकादंबऱ्या. गटात आम्ही चौघं होतो: संदीप, चिकूच्या वखारवाल्या दक्षाबेन, पोस्टात काम करणारी मी, आणि गंजाडहून जीपला लटकत येणारी हिरू. हिरू तिकडं अंगणवाडीत मदतनीस होती.

बैठक दक्षाबेनच्या वखारीत, चिकूच्या खोक्यांवर. पुस्तक निवडायची आमची पद्धत होती. संदीप चार-पाच पुस्तकं मांडायचा. दक्षाबेन प्रत्येक पुस्तक चिकूच्या काट्यावर ठेवायच्या. दोनशे ग्रॅमच्या वर गेलं की बाद. "एवढं वजन कोण उचलणार, भाई?" एकदा मंगळावरून परत आलेल्या माणसाची फार चांगली गोष्ट थोडक्यात बाद होत होती. संदीपनं प्रस्तावना फाडली, मग ती वजनात बसली.

उरलेल्या पुस्तकांपुढं वाट्या. प्रत्येकानं चिकूची एक बी आवडेल त्या वाटीत टाकायची. मधेच तलासरीकडून भूकंपाचा हादरा आला की पत्रे खडखडायचे, आम्ही वाट्या उचलून अंगणात पळायचो, आणि बाहेर पोचेपर्यंत सगळ्यांची मतं एकत्र झालेली असायची. मग पुन्हा मतदान.

असंच एकदा एक पुस्तक निवडलं गेलं. संदीपनं रद्दीतून किलोवर आणलेलं, कव्हर फाटलेलं. नाव कळत नव्हतं, म्हणून आम्ही त्याला 'बाईचं पुस्तक' म्हणायचो. एका गावात जमीन सारखी हलत असते. खाली कोण आहे ते बघायला एक बाई दोर धरून विहिरीत उतरते, अशी गोष्ट.

चर्चेच्या दिवशी संदीप म्हणाला, "काय शेवट आहे! अंगावर काटा येतो."

"मला पण आला," दक्षाबेन म्हणाल्या. मीही मान डोलावली.

हिरूनं हळूच विचारलं, "दादा, पण मग त्या कोंबड्या कुठून आल्या?"

कोंबड्या? संदीपनं चष्मा पुसला. "हिरू, ते प्रतीक आहे. कोंबडी म्हणजे तू, मी, आपण सगळे."

"असा काय?" हिरू म्हणाली आणि गप्प बसली. पुस्तक तिनं आणखी एक महिना घरी ठेवलं. मग ते परत आणून दिलं. तेव्हाच ती पिवळी दिसत होती. त्यानंतर ती आली नाही. कावीळ झाली म्हणे, मग पोटात काहीतरी निघालं म्हणे. पावसाळा संपायच्या आत गेली.

पुढचे दोन महिने निवड झालीच नाही. पुस्तकं मांडायचो, वजन करायचो, आणि दक्षाबेन सवयीनं चार बिया काढायच्या. मग चौथी मुठीत धरून बसायच्या आणि चहाचं विचारायच्या.

तिसऱ्या महिन्यात हिरूचा नवरा आला. सुदाम. भाताची कापणी आटोपून आला होता, हाताला अजून पेंढ्याचे चरे होते. दारातच उभा.

"या ना भाऊ, बसा," दक्षाबेन म्हणाल्या. त्यांनी एक खोकं पुढं सरकवलं आणि काय करावं ते न सुचून ती चौथी बी त्याच्या हातावर ठेवली. "हे हिरूबेनचं. टाका कुठल्याही वाटीत."

सुदामनं बी उलटी-सुलटी करून बघितली. वाट्या बघितल्या. "यात त्या बाईचा पुस्तक नाय."

"ते होऊन गेलं, सुदामभाऊ," संदीप म्हणाला. "आता हे घ्या, चंद्रावरचं आहे."

"मना तोच पायजे. हिरू रोज भाकरी थापताना सांगायची. मंग दवाखान्यात पण सांगायची. बाई खाली गेलीय तिथवर सांगितला. वर कवा येते, ता विचारला, तं म्हणली उद्या सांगतेव." तो थांबला. "मना वाचाय येतो, पण जुळवून जुळवून. तुम्ही वाचा. ती वर आली का, तेवढाच सांगा."

दक्षाबेननं आपली बी पलीकडच्या वाटीतून काढून घेतली. "बाईचं पुस्तक. चाल संदीप, काढ." निवड झाली. वजनसुद्धा केलं नाही.

संदीप वाचायला लागला. बाई विहिरीत उतरली, अंधारातून गेली, तिला दार लागलं. अठ्ठेचाळिसावं पान संपलं: 'तिनं सगळा जोर लावून दार ढकललं, आत पाहिलं, तर'. संदीपनं पान उलटलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

मी वाकून बघितलं. एकोणपन्नासाव्या पानावर लिहिलं होतं: 'खुराडं पूर्व-पश्चिम असावं.'

छापखान्यात कुणीतरी दोन पुस्तकं एकमेकांत शिवली होती. इथून पुढं शेवटपर्यंत कुक्कुटपालन. आणि आमच्यात इथपर्यंत पोचलेली एकटी हिरू.

"काय झाला?" सुदामनं विचारलं.

संदीपच्या कपाळावर घाम. "भाऊ, इथून जरा... म्हणजे चुकून..."

"हाय ता वाचा ना."

"खुराडं," संदीप मेल्यासारख्या आवाजात म्हणाला, "पूर्व-पश्चिम असावं."

"हां!" सुदाम पुढं सरकला. "हाच. खाली मोठा अंगण, तिथं कोंबड्याच कोंबड्या. त्या उकरतात, म्हणून वर आपली जमीन हलतेय. हिरूनी सांगितला ना. बाईला वाटला, यांना नीट सांभाळला तं गप बसतील. म्हणून ती राहिली खाली. वाचा."

संदीप वाचत गेला. जमिनीवर भाताचा तूस पसरावा. पाणी उथळ भांड्यात द्यावं. प्रत्येक वाक्याला सुदाम मान हलवत होता, ओळखीचं कुणी भेटल्यासारखा. 'पिल्लांना बल्बची ऊब द्यावी. पिल्लं एकमेकांवर चढू लागली तर ऊब कमी पडते आहे असं समजावं.'

"ता ती दोनदा सांगायची," सुदाम म्हणाला. "हात गार पडायचे ना तिचे."

दक्षाबेननं पदर तोंडावर धरला.

शेवटचं पान आलं. संदीपनं ते आधी मनात वाचलं आणि तो थांबला. मी शेजारीच होते, मलाही दिसलं. 'मेलेले पक्षी उघड्यावर टाकू नयेत. खोल खड्डा खणून पुरावेत व वर चुना टाकावा.' खाली कोपऱ्यावर पिठाचा अंगठा उमटला होता. हिरू इथंच थांबली होती.

संदीपनं पुस्तक मिटलं. "आणि मग," तो म्हणाला, "ती बाई वर आली."

"कशी?"

"कशी म्हणजे, पायऱ्यांनी."

"विहिरीला पायऱ्या नव्हत्या. दोर धरून उतरली ती. तुम्हीच आत्ता वाचला."

"दोरानंच. दोर होता ना तिथं."

"तो तुटला व्हता, दादा. त्या आधीच्या पानावर."

हजार परग्रह फिरून आलेला संदीप एका विहिरीत अडकला. दक्षाबेन मदतीला धावल्या. "अरे, मोठी कोंबडी नव्हती का? तिच्या पाठीवर बसून आली ने. उडत."

सुदामनं दोघांकडं बघितलं. तो हसला, पाहुण्यांनी केलेल्या भाजीला चांगली म्हणावं तसा. "बरा झाला," तो म्हणाला. मग उठला. "पुस्तक नेऊ?"

आम्ही दिलं. न देऊन काय करणार? दक्षाबेननं सोबत पिशवीभर चिकू दिले. जीपमध्ये बसताना त्याच्या एका हातात पुस्तक होतं, दुसरी मूठ मिटलेली. हिरूची बी त्यानं परत दिली नव्हती.

"शेवट वाचील तो," मी म्हणाले.

"नाही वाचणार," संदीप म्हणाला. "जुळवून जुळवून वाचतो. कंटाळेल."

दिवाळीनंतर सुदामनं आठवडी बाजारातून पिल्लं आणली. खुराडं पूर्व-पश्चिम बांधलं, तूस पसरला, बल्ब लावला. गंजाडहून येणारा जीपवाला सांगायचा, संध्याकाळी तो खुराड्यापाशी बसतो आणि पुस्तक बोट ठेवून वाचतो. पिल्लांना मोठ्यानं ऐकवतो म्हणे.

पौषात रात्री हादरा बसला. वीज गेली ती सकाळी आली. तोवर पिल्लं उबेसाठी एकमेकांवर चढून गुदमरून मेली होती. सुदामनं खोल खड्डा खणून ती पुरली आणि वर चुना टाकला.