खिडकीतल्या बाटल्या

"अगं, पृथ्वीची काळजी म्हणून कोणी साबण बदलत नाही. शेजारणीने बदलला की बदलतात," सासूबाईंनी आधीच बजावलं होतं. सुनेने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. कॉलेजात पर्यावरणावर प्रबंध लिहिलेल्या बाईला सासूने काय शिकवावं!

बाळाच्या मानेवर पुरळ उठलं तेव्हा तिने घरात सौम्य साबण आणला होता. आता तोच विकायचं तिच्या मनाने घेतलं. सासूबाईंनी रस्त्याकडची खोली दिली, पण अट घालून. "बाळ पहिलं पाऊल टाकेपर्यंत खोली तुझी. तोवर जम बसला तर ठीक, नाहीतर माझं शिवणयंत्र पुन्हा तिथे."

तिने कपड्यांच्या आणि भांड्यांच्या पातळ साबणाची पिंपं मांडली. 'घरची बाटली आणा, भरून न्या' अशी पाटी लावली आणि शेजारी कचऱ्यात अडकलेल्या कासवाचं चित्र. लोक थांबत, कासवासाठी हळहळत आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून नेहमीचा साबण घेऊन घरी जात. इकडे बाळ खुर्ची धरून उभं राहू लागलं. साऱ्या आया पहिल्या पावलाकडे डोळे लावून बसतात. ही मात्र पोराला हळूच खाली बसवी. "बस रे राजा, घाई कसली?"

शेवटी कामी आली ती तिची धास्तीच. एकीचा साबण दुसरीच्या बाटलीत गेला आणि कोणाला पुरळ उठलं तर? म्हणून ती बाटल्या ठेवून घेई, गरम पाण्याने धुई, प्रत्येकीच्या गळ्यात नावाची चिठ्ठी बांधून खिडकीत वाळवी. भरल्या की पुन्हा तिथेच.

दाताच्या डॉक्टरीणबाईंची उंच बाटली खिडकीत दिसली मात्र, समोरची शिंपीणबाई तणतणत आली.

"तिची बाटली इथे, आणि माझी नाही? मी काय कपडे थुंकीने धुते?"

"पण तुम्ही आणलीच कुठे, काकू?"

"ही घे! आणि पुढे ठेव, पडद्याआड नको."

मग रीघच लागली. बेकरीवाल्याने दोन आणल्या. त्यातली एक नुसती शोभेला. सासूबाई गालातल्या गालात हसत. "काय गं, कासव काय म्हणतंय?"

सगळ्यांत नेमाने येत ते घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा, बुटकी निळी बाटली घेऊन. "हिला तळच नाही बघ," म्हणत ते स्टुलावर टेकत आणि बाळाच्या कानाशी घड्याळ धरत. एकदा मात्र त्यांची भरलेली बाटली खिडकीत तशीच राहिली. दुसऱ्या दिवशीही. तिने सासूबाईंना हाक मारली.

"एकटा जीव, आई. काही झालं तर नसेल ना?"

"मग इथे उभी काय राहिलीस?" सासूबाईंनी चपला घातल्यासुद्धा. बाळाला काखोटीला मारून तीही निघाली.

"दार उघडंच आहे!" कडी वाजवताच आतून आजोबांचा आवाज आला तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. आजोबा मुरगळलेला पाय उशीवर ठेवून बसले होते. तिने बाळाला मेजाशी उभं केलं, मान वर केली आणि बघतच राहिली. फळीवर साबणाने काठोकाठ भरलेल्या बरण्यांची रांग!

"आजोबा, ही साठेबाजी कशाला?"

आजोबा चोरी पकडल्यासारखे हसले. "माझं एक ताट, एक वाटी. केवढासा साबण लागणार? पण बाटली रिकामी झाल्याशिवाय तुझ्याकडे यायचं कुठल्या तोंडाने? म्हणून बरणीत ओततो आणि येतो."

"रिकाम्या हाताने यायचं की!" सासूबाई म्हणाल्या.

"तसं बरं दिसत नाही, वहिनी."

तिघंही पोट धरून हसत सुटली. तेवढ्यात बाळाने मेज सोडलं आणि चमचमणाऱ्या बरण्यांकडे डुलत डुलत निघालं. सुनेने झेप घेऊन त्याला उचललं.

"चाललं नाही हं, आई! पडता पडता पुढे गेलं!"

"मी बरण्या बघत होते. मला काहीच दिसलं नाही," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि शिवणयंत्र माझ्या खोलीत छान बसतंय. तू खिडकीत दुसरी फळी ठोकून घे. बाटल्या मावत नाहीत."

त्याच संध्याकाळी कासवाच्या खाली तिने नवी पाटी लावली. त्या रस्त्याने तुमचं जाणं होत नसेल, तर इथेच वाचा: 'ज्यांची भरलेली बाटली खिडकीत तशीच राहिलेली दिसेल, त्यांचं दार जाता जाता वाजवा. बाटली सोबत न्या. रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल, पण जा.'